ढगूच्या पोटात रक्तस्राव होतोय आणि डॉक्टर म्हणतात रक्तात गुठळ्याही होतायत, दोन्ही एकदम कसं?

ढगूची_ताई
नमस्कार मंडळी, खूप घाबरलेय म्हणून लिहिताना मागेपुढे झालं तर समजून घ्या. आमचा ढगू साडेनऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३१ किलो. दोन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी फिरून आला आणि पायरी चढताना मागचे पाय एकदम लुळे पडल्यासारखे झाले, तिथेच बसला. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. आम्ही गाडी काढायची धावपळ करतोय तोवर पाऊण तासाने तो आपला आपण उठला, पाणी प्यायला, रात्री थोडं जेवला पण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा तोंडात धरून दाराशी उभा. आम्हाला वाटलं वय झालंय, दमला असेल. नेलंच नाही दाखवायला. त्याचं मला आता इतकं वाईट वाटतंय की रात्री झोप लागत नाही.

परवा परत तसंच झालं, यावेळी लगेच नेलं. सोनोग्राफीत प्लीहेवर साधारण ७ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि पोटात पाणी. सुई घालून काढलं तर पाणी नाही, निव्वळ रक्त, आणि ते सिरिंजमध्ये तसंच पातळ राहिलं, गोठलंच नाही. मी समोर उभी होते. रिपोर्ट असे: पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) २४, प्लेटलेट ४१,०००, पीटी थोडा वाढलेला, एपीटीटी नॉर्मलच्या जवळजवळ दीडपट (दोन्ही म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ), डी-डायमर खूप जास्त. डॉक्टर म्हणाले कॅन्सरची शक्यता बरीच आहे आणि त्याच्यामुळे डीआयसी, म्हणजे अंगभर रक्त गोठत सुटून गोठण्याचं सामानच संपतं ते, सुरू झालंय असं दिसतंय, आज रक्त आणि प्लाझ्मा देऊ, जरा सावरला की उद्या परवा प्लीहा काढू. आणि जाता जाता हेही म्हणाले की ऑपरेशननंतर फुप्फुसात गुठळी जायचा धोका असतो. आता मला हेच कळत नाहीये की रक्त गोठत नाही म्हणून पोटात वाहतंय ना, मग गुठळी कुठून होणार?? आणि रक्त वाहतंय तर आत्ताच का नाही कापत, थांबून अजून वाहणार नाही का? पोटाच्या कातडीवर लाल टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आलेत आणि रक्त काढलं तिथे मानेवर हाताच्या पंजाएवढा निळा डाग पडलाय. घरात मिस्टर म्हणतायत व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देऊन टाका. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

सोनूचे_बाबा
ताई धीर धरा. आमच्या सोनूला उंदराचं औषध पोटात गेलं होतं तेव्हा व्हिटॅमिन के नेच वाचली ती, महिनाभर गोळ्या दिल्या. पीटी वाढलाय म्हणताय म्हणजे तेच लागू होईल असं वाटतं, डॉक्टरांना विचारा तरी, ढगूने कुठे काही खाल्लं तर नाही ना?

जनावरांची_डॉक्टर
ढगूची ताई, मी कुत्र्यामांजरांचीच डॉक्टर आहे, ढगूला पाहिलेलं नाही म्हणून त्याच्या उपचारावर बोलणार नाही, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण तुमचा जो प्रश्न आहे ना दोन्ही एकदम कसं, तो अगदी बरोबर जागी आहे आणि तो समजला की त्यांनी का थांबायला सांगितलं तेही समजेल.

रक्तवाहिनीला भोक पडलं की आधी प्लेटलेट तिथे जाऊन चिकटतात, मग रक्तातले गोठवणारे घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी फायब्रिनचं जाळं विणलं जातं, त्याने गुठळी पक्की होते. हे सगळं जखमेपुरतं व्हावं आणि तिथेच थांबावं यासाठी शरीरात थांबवणारी यंत्रणा पण असते, आणि नंतर गुठळी विरघळवणारी पण. कॅन्सरमध्ये हा लगाम सुटतो. गाठीतल्या पेशींवर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं, रक्ताचा त्याला स्पर्श झाला की गोठायचा हुकूम सुटतो, जखम असो नसो. आणि प्लीहेची जी गाठ आपण सगळ्यात जास्त घाबरतो ती हेमँजिओसार्कोमा, ती तर रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींचाच कॅन्सर आहे, तिच्या आतल्या नळ्या वेड्यावाकड्या, अस्तर धड नाही, रक्त त्यातून जाताना प्लेटलेट सारख्या चिकटत राहतात. म्हणजे अंगभर बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात. डोळ्याला दिसत नाहीत इतक्या बारीक.

आता असं समजा की पुराच्या भीतीने गडीमाणसं शिवारभर जिथे तिथे बांध घालत सुटली आणि जिथे खरंच बांध फुटलाय तिथे पोचेपर्यंत माती संपली. ढगूच्या प्लेटलेट आणि गोठवणारे घटक असेच नको तिथे खर्च होतायत, म्हणून ४१,००० उरल्यात, म्हणून एपीटीटी लांबलाय, आणि डी-डायमर म्हणजे फायब्रिनच्या जाळ्याचे तुकडे, ते जास्त आहेत याचा अर्थ कुठेतरी गुठळ्या होतायत आणि विरघळतायत. (पोटात साचलेलं रक्त शोषलं जात असताना पण डी-डायमर वाढतं, त्यामुळे त्या एकट्या आकड्यावर निदान होत नाही, सगळं एकत्र बघावं लागतं.) तर वाहणं आणि गोठणं ही दोन उलट टोकं नाहीत, एकातूनच दुसरं निघालंय. हेमँजिओसार्कोमाच्या कुत्र्यांत हे इतकं नेहमीचं आहे की पहिल्यांदा दाखवायला आणतात तेव्हाच जवळजवळ निम्म्यांमध्ये डीआयसीची लक्षणं रिपोर्टमध्ये सापडतात.

सिरिंजमधलं रक्त गोठलं नाही त्याची वेगळी भीती बाळगू नका. पोटात सांडलेलं रक्त तिथे एकदा गोठून त्यातलं फायब्रिन निघून गेलेलं असतं, म्हणून बाहेर काढल्यावर ते परत गोठत नाही, अगदी निरोगी कुत्र्याला मार लागून पोटात रक्त झालं तरी असंच दिसतं. उलट ते गोठलं असतं तर डॉक्टरांना शंका आली असती की सुई चुकून प्लीहेत किंवा शिरेत गेली.

सोनूचे बाबा, तुमच्या सोनूचं बरोबरच झालं पण इथे गोष्ट वेगळी आहे. उंदराच्या औषधाने व्हिटॅमिन के चं चक्र बंद पडतं आणि त्याच्यावर चालणारे चार घटक बनतच नाहीत, म्हणून के दिलं की बनायला लागतात. डीआयसीमध्ये घटक बनतायत, पण बनतात त्याहून वेगाने संपतायत. तिथे के देऊन संपणं थांबत नाही. लिव्हर खराब असेल किंवा पित्ताचा मार्ग अडला असेल तर के चा उपयोग होतो, तेव्हा डॉक्टर देतातही. पण घरून स्वतः नको, आणि शिरेतून तर अजिबात नको, जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते.

आत्ताच का नाही कापत, तर गाठ काढणं हाच खरा इलाज आहे हे खरं, कारण आगीचं मूळ तीच आहे. पण पोटाची चीर, प्लीहेच्या डझनभर शिरा बांधणं, हे करायला गोठण्याचं सामान तर रक्तात हवं. प्लाझ्मातून ते घटक येतात आणि लगाम लावणारं अँटिथ्रॉम्बिन पण येतं, लाल पेशींमधून ऑक्सिजन वाहायची ताकद येते. कधी कधी रक्तस्राव इतका जोरात असतो की थांबायला वेळच नसतो, मग एका हाताला रक्त चालू ठेवून दुसऱ्या हाताने ऑपरेशन करतात. ढगू उभा राहतोय, नाडी धरून आहे म्हणून त्यांना हे थोडे तास मिळालेत, आणि ते तास ते नीट वापरतायत असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

आणि ताई, त्या पहिल्या वेळेबद्दल. पोटात थोडं रक्त सांडतं, कुत्रा कोसळतो, मग गाठीवर गुठळी बसून वाहणं थांबतं आणि पोटातलं बरंचसं रक्त पोटाच्या आतल्या अस्तरातून परत अंगात शोषलं जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी कुत्रा खरोखर बरा होतो, नुसता वाटत नाही. अनुभवी माणसंही यात फसतात. स्वतःला दोष देत बसू नका, आत्ता त्याला तुम्ही शुद्धीवर हव्या आहात.

लाल_पेशी
वरच्या डॉक्टर मॅडमनी मस्त समजावलंय, मी लॅबमध्ये काम करतो, प्राण्यांचे सँपल रोज बघतो, तर मला फक्त त्या ४१,००० बद्दल बोलायचंय. ताई, तो आकडा मशीनचा आहे की कुणी सूक्ष्मदर्शकाखाली काच बघितली आहे हे आधी विचारा!! कुत्र्यांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून झुबके करतात, खास करून रक्त काढताना वेळ लागला, सुई दोनदा टोचावी लागली तर. मशीनला तो झुबका म्हणजे एक मोठी पेशी वाटते किंवा मोजलाच जात नाही, आणि आकडा धडाधड खाली येतो. मी स्वतः मशीनवर ३०,००० आणि काचेवर भरपूर प्लेटलेट असं कित्येकदा पाहिलंय. काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, कडेला जिथे पिसासारखी धार येते तिथे आधी झुबके शोधायचे, मग जिथे पेशी एकेरी पसरल्यात तिथे १०० च्या ऑइलच्या भिंगाखाली दहा ठिकाणं बघून प्लेटलेट मोजायच्या, सरासरी काढायची आणि एका प्लेटलेटमागे साधारण १५,००० धरायचे. म्हणजे एका ठिकाणी सरासरी तीन दिसल्या तर ४५,००० च्या आसपास. नॉर्मल कुत्र्याला साधारण २ लाख ते ५ लाख असतात म्हणजे एका नजरेत दहापेक्षा जास्त दिसायला हव्यात. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याच काचेवर फुटक्या, टोपीसारख्या तुटलेल्या लाल पेशी दिसल्या तर डीआयसीला पुष्टीपण मिळते. बारीक गुठळ्यांच्या जाळ्यातून जाताना लाल पेशी कापल्या जातात त्या.

जातीचं पण बघावं लागतं, ढगू लॅब आहे म्हणून लागू नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये जन्मतःच प्लेटलेट कमी पण आकाराने मोठ्या असतात, ग्रेहाउंडच्याही बाकी कुत्र्यांपेक्षा कमी असतात, आणि आजारी नसतात ती.

दुसरी गोष्ट निळ्या झाकणाची ट्यूब. पीटी एपीटीटी त्यातून करतात, त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. त्या ट्यूबवर खूण असते तिथपर्यंत रक्त भरलंच पाहिजे. अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त पडतं आणि टेस्ट उगाच लांबलेली येते, मग सगळे घाबरतात. आणि आयव्ही नळीतून रक्त घेतलं असेल आणि त्या नळीला हेपारिन लावलेलं असेल तरी तसंच. मी असं म्हणत नाही की ढगूचा रिपोर्ट चुकलाय, त्याच्या अंगावर ठिपके आहेत म्हणजे काहीतरी खरंच आहे, पण ऑपरेशनच्या आधी परत रक्त घेणारच असतील तर ट्यूब खुणेपर्यंत भरली का एवढं बघा.

तीन_पायांचा_राजा
ढगूसाठी मनापासून प्रार्थना. आमच्या राजाला मास्ट सेल ट्यूमर (कातडीच्या कॅन्सरचा एक प्रकार) होता, मागच्या पायावर, म्हणून तो पाय काढावा लागला. रक्ताबद्दलचा आमचा अनुभव वेगळा आहे पण सांगतेच कारण आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. गाठीत सुई घालून तपासणी केली आणि तासाभरात ती गाठ दुप्पट सुजली, आजूबाजूला सगळं जांभळं, सुईच्या भोकातून थेंब थेंब रक्त थांबेचना. मी टॉवेल दाबून बसले होते. तेव्हा समजलं की त्या गाठीच्या पेशींमध्ये हिस्टामिन आणि हेपारिन दोन्ही भरलेलं असतं, गाठ चोळली दाबली की ते बाहेर पडतं. हेपारिन म्हणजे तेच जे रक्त पातळ ठेवायला इंजेक्शनमधून देतात!

आणि हिस्टामिनमुळे पोटात ॲसिड वाढून अल्सर होतो. राजाची शी डांबरासारखी काळी चिकट यायला लागली, मला वाटलं खाण्यात काही आलं असेल. ते आतलं पचलेलं रक्त होतं. आम्ही एका ठिकाणी दाखवलं तिथे सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड आधीच चालू होतं आणि त्यावर दुसरीकडून दुखण्याची गोळी मिळाली, दोन्ही एकत्र गेली चार दिवस. कुणी कुणाला विचारलं नाही, आणि मीही दोन्ही डॉक्टरांना एकमेकांबद्दल सांगितलं नाही. ती चार दिवसांची गोष्ट राजाला फार महागात पडली. तर ताई, ढगूला कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, सांधेदुखीची वगैरे, ती सगळी यादी डॉक्टरांना द्या. लॅबना सांधेदुखी असते म्हणून विचारतेय.

जनावरांची_डॉक्टर
राजाच्या ताईंनी लिहिलंय ते मोलाचं आहे. स्टिरॉइड आणि दुखण्याच्या गोळ्या, कार्प्रोफेन मेलोक्सिकॅमसारख्या, एकत्र कधीच नाही. आणि माणसांची ॲस्पिरिन आयबुप्रोफेन घरातल्या डब्यातून काढून देणं तर नकोच नको, ॲस्पिरिनने प्लेटलेट असूनही काम करेनाशा होतात, मोजल्या तर आकडा ठीक येईल आणि रक्त मात्र थांबणार नाही. आकडा आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये पण असंच होतं, कॅन्सरच्या पेशी इतकं प्रथिन रक्तात सोडतात की ते प्लेटलेटवर लेपासारखं बसतं, रक्त घट्ट होतं, आणि तरीही नाकातून वाहतं.

लिम्फोमा किंवा ल्युकेमिया या कॅन्सरमध्ये तिसरीच तऱ्हा, तिथे अस्थिमज्जेत कॅन्सरच्या पेशींनी जागा अडवलेली असते म्हणून प्लेटलेट तयारच कमी होतात, किंवा शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारायला लागतं. म्हणून "कॅन्सर आहे, प्लेटलेट कमी आहेत" एवढ्यावर भागत नाही, बनत नाहीत की खर्च होतायत की मारल्या जातायत हे शोधावं लागतं. गोचिडाच्या तापातही प्लेटलेट पडतात आणि नाकातून रक्त येतं, कॅन्सर असलेल्या कुत्र्याला गोचीड चावत नाही असं थोडंच आहे, ती टेस्ट पण करून घ्यावी.

ढगूची_ताई
तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, कसे आभार मानू. सकाळीच जाऊन डॉक्टरांना काचेचं विचारलं, मला वाटलं चिडतील पण ते म्हणाले बरं झालं आठवण केलीत आणि माझ्यासमोर सूक्ष्मदर्शकावर बसले. थोडे झुबके होते. त्यांच्या मोजणीप्रमाणे ७०,००० च्या आसपास असाव्यात. तुटक्या लाल पेशी मात्र दिसल्या, मलाही दाखवल्या, एक तर शिरस्त्राणासारखी दिसत होती. गोचिडाची टेस्ट निगेटिव्ह. ढगूला सांधेदुखीची गोळी चालू होतीच हो, वर्षभर!! मी सांगायलाच विसरले होते, ती लगेच बंद केली.

काल रात्री एक पिशवी रक्त दिलं. दाता एक मोठी गोल्डन होती, एकदम शांत, टेबलावर आडवी पडून माझ्याकडे बघत होती. ढगूचा रक्तगट डीईए १ निगेटिव्ह निघाला. मग प्लाझ्मा दिला. आज पीसीव्ही ३१ आहे, एपीटीटी खाली आलाय. उद्या सकाळी ऑपरेशन ठरलंय. मला एकच सांगा, ऑपरेशननंतरच्या गुठळीचं जे म्हणाले ते ओळखायचं कसं?

आभाळमाया
मी सांगते कारण मी ते पाहिलंय. आमच्या पिंकीला अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ होती. एक दिवस किंचाळली, एवढं मी तिला आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि मागचे दोन्ही पाय गेले. मला वाटलं मणका. पण पाय हातात घेतले तर गार, बर्फ नाही पण पुढच्या पायांपेक्षा स्पष्ट गार, आणि नखांच्या मुळाशी गुलाबी असायचं ते फिकट निळसर. डॉक्टरांनी मांडीच्या आत बोटं ठेवली आणि म्हणाले नाडीच लागत नाही. महाधमनीच्या टोकाशी, जिथे ती दोन पायांकडे फुटते, तिथे गुठळी बसली होती. क्लोपिडोग्रेल आणि हेपारिन, गुठळी वाढू नये म्हणून देतात ती औषधं, दिली, पंधरा दिवसांनी एका पायावर जोर द्यायला लागली, पण तो पूर्वीसारखा झाला नाही. पुढे तिने आणखी पाच महिने छान काढले.

फुप्फुसात गेली तर एकदम धाप लागते. तुम्ही ढगू गाढ झोपला की छातीचं वर खाली एक मिनिट मोजून ठेवा, रोज, वहीत लिहा. झोपेत तीसच्या आत असतं. अचानक चाळीस पन्नास झालं आणि तो मान लांब करून कोपरं बाहेर काढून बसला तर फोन करत बसू नका, सरळ घेऊन निघा.

जनावरांची_डॉक्टर
आभाळमाया, फार नेमकं लिहिलंत. यात एवढीच भर घालते की माणसात कॅन्सर आणि गुठळीचं हे नातं फ्रान्समध्ये आर्मांद त्रूसो या डॉक्टरांनी १८६५ मध्ये मांडलं, आणि दोनेक वर्षांनी त्यांना स्वतःलाच शिरेत गुठळी झाली, त्यावरून त्यांनी ओळखलं की आपल्याला पोटाचा कॅन्सर आहे, आणि ते खरं निघालं. कुत्र्यांच्या शरीरातही तेच चालतं, वेगवेगळ्या कॅन्सरच्या कुत्र्यांचं रक्त तपासलं तर बऱ्याच जणांचं रक्त नेहमीपेक्षा लवकर आणि घट्ट गोठतं असं दिसतं. आपल्याला रक्तस्राव दिसतो म्हणून आपण त्याच्याकडेच बघतो, गुठळी डोळ्याला दिसत नाही म्हणून ती राहून जाते.

प्लीहा काढल्यावर पहिले एक दोन दिवस हृदयाचे ठोके चुकणं खूप नेहमीचं आहे, म्हणून ईसीजीवर ठेवतात, त्याची भीती नको पण लक्ष हवं. यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतही गुठळी होऊ शकते, तेव्हा पोट फुगणं, उलट्या, एकदम मलूल होणं असं दिसतं. रक्त पातळ करायचं औषध द्यायचं का आणि कधी सुरू करायचं हा मात्र खूप नाजूक निर्णय आहे, टाके ताजे असताना लवकर दिलं तर वाहतं, उशीर केला तर गुठळी, म्हणून डॉक्टर रोज रिपोर्ट बघून ठरवतात. तुम्ही विचारत राहा, पण एक दिवस हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणाले तर त्यांना काही कळत नाही असं समजू नका.

शांतपाऊल
थोडं वेगळं लिहितोय, कुणाचं मन मोडायचं नाहीये. आमच्या भुऱ्याला तीच गाठ होती आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यातही दुसरी सापडली. प्लेटलेट १८,०००, हिरड्यांतून आपोआप रक्त येत होतं, पाण्याच्या भांड्यात लाल धागे दिसायचे. आम्ही ऑपरेशन केलं नाही. दोन दिवस घरी त्याच्या चादरीवर आम्ही सगळे आळीपाळीने बसलो आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना घरी बोलावून त्याला शांतपणे निरोप दिला. ज्यांच्याकडे पैलतीर जवळ आलाय त्यांनी त्यालाही पर्याय समजावं एवढंच. ताई, ढगूच्या छातीचा एक्सरे आणि हृदयाची सोनोग्राफी झाली आहे ना? आमची आधी झाली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

एकाने आम्हाला चिनी जडीबुटीची पूड सुचवली होती रक्त थांबायला, युनान बायाओ, आम्ही दिली चार दिवस. फरक पडला असं मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

ढगूची_ताई
शांतपाऊल दादा, तुमचं वाचून खूप रडले. हो, दोन्ही झालंय, छाती आणि हृदय साफ दिसतंय, म्हणूनच आम्ही ऑपरेशनला तयार झालो.

—— नऊ दिवसांनी ——

ढगूची_ताई
उशीर झाला कळवायला. ऑपरेशन झालं, पोटात साधारण एक लिटर रक्त होतं, टेबलावर अजून एक प्लाझ्मा द्यावा लागला. यकृतावर डोळ्यांना काही दिसलं नाही. दुसऱ्या रात्री हृदयाचे ठोके चुकायला लागले म्हणून ते सावरायला लिडोकेन लावलं, सकाळपर्यंत थांबले. तिसऱ्या दिवशी झोपेतला श्वास ३८ मोजला, आभाळमाया ताई तुमच्यामुळेच मोजत होते, लगेच नेलं, ऑक्सिजनमध्ये ठेवलं, फुप्फुसात छोटी गुठळी असावी असं म्हणाले. तेव्हापासून क्लोपिडोग्रेल चालू आहे. आता झोपेत २२ ते २४.

रिपोर्ट काल आला. हेमँजिओसार्कोमाच आहे. आम्हाला आत कुठेतरी आशा होती की साधी रक्ताची गाठ निघेल, प्लीहेत तशाही असतात ना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नुसत्या ऑपरेशनवर बहुतेकांना एक ते तीन महिने मिळतात, डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध दिलं तर चार ते सहा महिन्यांपर्यंत जातं. आम्ही पहिला डोस घ्यायचं ठरवलंय, त्रास झाला तर थांबवू, हेही आत्ताच ठरवून ठेवलंय म्हणजे नंतर भांडण नको.

लाल_पेशी
ताई बातमी वाचून वाईट वाटलं, पण श्वास मोजलात म्हणून तो घरी आहे. केमोनंतर साधारण सात ते दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सगळ्यात खाली जातात, त्या वेळचं रक्त चुकवू नका, आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे हे फॉर्मवर लिहा. काच प्रत्येक वेळी. रक्त मानेऐवजी पायातून घ्यायला सांगा आणि घेतल्यावर पाच मिनिटं बोटाने दाबून धरा, चोळायचं नाही.

ढगूची_ताई
लिहून ठेवलं. आज केमोच्या आधीचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) झाला, प्लेटलेट २ लाख १० हजार, काचेवर बघूनच. मानेवरचा निळा डाग हिरवट पिवळा होत जवळजवळ गेलाय, पोटावरचे ठिपके नाहीत. पहिला डोस गुरुवारी आहे. आत्ता माझ्या पायाशी झोपलाय, चोवीस मोजले.